‘१८९४, लोणावळा’ छापलेली लक्ष्मी आणि गेलेले ४२,७०० रुपये

१५,००० रुपये यूपीआयने ‘बुकिंग’चे, २३,५०० चित्र हातात आल्यावर, वर फ्रेमवाल्याचे ४,२००. एकूण ४२,७०० रुपये. आणि लक्ष्मीचा, रवि वर्मा छापखान्याचा अस्सल ओलिओग्राफ (दगडावरून छापलेलं, तैलचित्रासारखं दिसणारं जुनं रंगीत चित्र) म्हणून गळ्यात पडली ती इंकजेट प्रिंटरवर काढलेली रंगीत प्रत.

‘वाड्यातून निघालेलं सामान’, ‘आजोबांचा संग्रह’, ‘दुसरं गिऱ्हाईक थांबलंय’ ही टेप सगळ्यांनी ऐकलेली आहे. चीड याची येते की हे लोक नेमका उन्हाळा गाठतात. सुट्टीत माणूस पुण्याचं केळकर संग्रहालय बघतो, भायखळ्याचं भाऊ दाजी लाड बघतो, सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या संग्रहालयात जाऊन येतो. घरी रंगकाम नुकतंच संपलेलं, दिवाणखान्याची एक भिंत मोकळी. डोळा तयार झालाय असं वाटतं, आणि तो झालेलाही असतो, पण चित्रापुरता. संग्रहालयात काचेपलीकडे कागद कुठे तपासता येतो? आणि लबाडी सगळी कागदातच असते.

आता ती चिठ्ठी. फ्रेमच्या मागे डकवलेली, पिवळट, ‘१८९४, कार्ला-लोणावळा’. तिथेच व्यवहार मोडायला हवा होता! छापखाना १८९४ मध्ये सुरू झाला तो मुंबईत. लोणावळ्याजवळ मळवलीला तो नंतर हलवला. त्या सालाची छपाई आणि कार्ला-लोणावळ्याचा पत्ता एका चिठ्ठीवर येऊच शकत नाहीत. हौशी माणसाला हे ठाऊक असतं. पण फ्रेम खरोखरच जुनी सागवानी, खिळे गंजलेले, काचेत लाटा. मग चिठ्ठीवर शंका कोण घेणार? जुन्या बाजारात रिकाम्या फ्रेमा मिळतात, त्यात नवी प्रत बसवतात. फ्रेमचं वय म्हणजे चित्राचं वय नव्हे.

वर विक्रेत्याची ताकीद: ‘उघडू नका, कागदाचे तुकडे पडतील.’ यात अर्धं खरं आहे, जुना आम्लयुक्त कागद ठिसूळ होतोच, म्हणून तर पटतं. पैसे देण्याआधी तुमच्या फ्रेमवाल्याकडे, तुमच्यासमोर मागची पाठ उघडा. विक्रेता नको म्हणाला तर उठा.

उघडल्यावर काय बघायचं? सोनाराचं १० पटीचं भिंग घ्या. खऱ्या ओलिओग्राफमध्ये प्रत्येक रंगाचा वेगळा दगड असतो, म्हणून ठिपके लहानमोठे, ओबडधोबड, एकमेकांवर चढलेले दिसतात. कडेला एखादा रंग किंचित सरकलेलाही सापडतो. ठराविक अंतरावरच्या ठिपक्यांची फुलं दिसली तर ऑफसेट, म्हणजे आजकालची यंत्रावरची छपाई. सगळीकडे सारखी बारीक फवारणी, अगदी चेहऱ्याच्या उजळ भागातही, तर इंकजेट. कागदाच्या घडीवर बोट फिरवा: घडी दिसते पण हाताला लागत नाही, म्हणजे जुन्या चित्राचा फोटो घडीसकट छापलेला आहे. जरीकाम केलेल्या चित्राच्या नकलेत तर टाक्याची सावलीसुद्धा छापलेली असते आणि वरून टिकल्या चिकटवतात. जुना कागद सगळीकडे सारखा तांबूस होत नाही, फ्रेमच्या पट्टीखाली कमी होतो. चहात बुडवलेला सगळीकडे एकसारखा. अंधारात यूव्ही टॉर्च मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात उजळपणाची रसायनं आहेत, आणि ती विसाव्या शतकाच्या मध्यानंतरची. भिंग आणि टॉर्च मिळून काही शे रुपयांचं काम.

पोलीस चौकीत पहिला प्रश्न: ‘चित्रासाठी एवढे पैसे?’ दुसरा: ‘तुम्ही स्वतःहून पाठवले ना, मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे.’ भिंगाखालचे फोटो दाखवले तर ‘तज्ज्ञाचा दाखला आणा.’ दाखला कोणाचा चालेल? तेही सांगेनात. एका संग्रहालयाने खासगी वस्तूंना दाखला देत नाही म्हणून हात झटकले. बँक म्हणते व्यवहार तुमच्याच पिनने झालाय. म्हणजे चोराने ओटीपी चोरला असता तर आम्ही गुन्ह्यात बसलो असतो. थाप मारून पैसे काढले तर तो आमचा शौक! खोटं सांगून पैसे उकळणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये गुन्हा आहे. ठाण्यात नोंद करत नसतील तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, पोच जपा.

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. पण समोरचा हौशी माणूस नव्हे, धंदा करणारा आहे हे दाखवावं लागतं. त्यासाठी त्याच्या बाकीच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट आजच काढा, तक्रारीचा वास लागताच त्या गायब होतात. बिलावर ‘ओलिओग्राफ, छपाईचा अंदाजे काळ, खोटा ठरल्यास परत’ एवढं लिहून घ्या. ‘विंटेज पेंटिंग’ या शब्दांना काडीचा अर्थ नाही. शंभर वर्षांवरच्या वस्तू विकण्याचा धंदा करायला १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार परवाना लागतो. तो मागितला की निम्मे विक्रेते फोन उचलायचे बंद होतात.

आणि फोटो गुगल लेन्सवर टाकून बघाच. लक्ष्मीच्या कोपराजवळचा तोच तांबूस डाग, त्याच आकाराचा, त्याच जागी, आणखी एका ‘एकमेव अस्सल’ चित्रावर सापडला. किंमत ३२,००० रुपये, आणि ते अजून विक्रीला आहे.