बारा व्होल्टचा फ्रिज: सोलापूर ते जैसलमेर, आणि त्यानंतरचा उन्हाळा

घरात इन्सुलिन घेणारं माणूस असेल आणि त्याला घेऊन लांब निघायचं असेल, तर गाडीत चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज जरूर घ्या. नुसतं गार पाणी हवं असेल तर एवढे पैसे घालू नका, बर्फ घातलेला जार पुरतो. दिवाळीच्या आधी घेतलेला हा अठरा लिटरचा डबा आता मे संपेपर्यंत वापरून मी हे सांगतेय.

आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, एसटीत ड्रायव्हर होते. तुळजापूर रोडवरून जाताना त्यांचं ठरलेलं वाक्य, "हा रस्ता राजस्थानला जातो बघा." आणि जातोच. राष्ट्रीय महामार्ग ५२ सोलापूरहून बीड, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर करत राजस्थानच्या शेखावाटी भागात पोहोचतो. फतेहपूरला तो सोडून ११ नंबर धरला की बिकानेर, फलोदी, पोखरण आणि जैसलमेर. उंटांच्या काफिल्यांनी शतकानुशतकं व्यापार केला तो हा मुलूख. आप्पांना तो एकदा डोळ्यांनी बघायचा होता. अडचण एकच, दोन वेळचं इन्सुलिन.

न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. चालू बाटली किंवा पेन बाहेर चालतं, बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे, पण तेही ३० अंशांच्या आत. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत पारा सहज पन्नाशीला जातो. उलट बाजूही तितकीच वाईट: इन्सुलिन एकदा गोठलं की टाकूनच द्यायचं, वितळल्यावर कितीही स्वच्छ दिसलं तरी.

म्हणून आधी हे समजून घ्या की बाजारात 'कार फ्रिज' नावानं दोन वेगळ्या वस्तू मिळतात. स्वस्तातल्या डब्यात कॉम्प्रेसर नसतो, विजेवर एका बाजूनं गार होणारी छोटी पट्टी असते. ती बाहेरच्या हवेपेक्षा फार तर पंधरा-वीस अंश खाली नेते. बाहेर ४० असेल तर आत वीसच्या पुढेच. कॉम्प्रेसरवाल्यात घरच्या फ्रिजसारखा गॅस फिरतो, त्यामुळे बाहेर कितीही तापलं तरी आत ५ म्हणजे ५ ठेवता येतात. आमचा वीस हजारांच्या आतबाहेर पडला. इन्सुलिनसाठी कॉम्प्रेसरशिवाय दुसरा पर्याय मी धरतच नाही.

निघण्याआधी सात रस्त्याजवळच्या आमच्या नेहमीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून डिकीत वेगळी लाइन ओढून घेतली. डॅशबोर्डवरच्या सॉकेटची वायर बारीक असते. कॉम्प्रेसर सुरू होताना ४-५ अँपिअर ओढतो, तेवढ्यात वायरीतच व्होल्टेज पडतं, आणि बॅटरी चांगली असूनही फ्रिजला ती उतरलेली वाटते. मग तो स्वतःला बंद करून घेतो. शिवाय बऱ्याच गाड्यांत किल्ली काढली की सॉकेट मरतं. जाड वायर थेट बॅटरीपासून, आणि बॅटरीच्या अगदी जवळ १५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज जवळच हवा, कारण पुढं कुठं वायर घासून शॉर्ट झाली तर तिथपर्यंतची सगळी वायर पेटू शकते. अर्ध्या दिवसाचं काम, पण या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचं तेच.

धुळ्यापर्यंतचा रस्ता आणि पुढचा मध्य प्रदेश पटकन सांगते: ट्रक, टोल, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी. ही भाकरी प्रवासाला नेणं ज्या सोलापूरकरानं सुरू केलं त्याचे उपकार आहेत.

खरा रस्ता शेखावाटीत सुरू होतो. तिथल्या जुन्या विहिरींच्या कोपऱ्यांवर उंच मनोरे बांधलेले आहेत. वाळूच्या सपाटीवर लांबून येणाऱ्या काफिल्याला पाणी कुठं आहे ते कळावं म्हणून. आप्पा गाडीतून उतरून एका विहिरीभोवती फिरून आले आणि म्हणाले, "सूनबाई, हा त्यांचा बोर्ड." फतेहपूरच्या, मंडाव्याच्या रंगवलेल्या हवेल्या बघितल्या. ज्या शेटजींनी त्या बांधल्या त्यांतले कित्येक पुढं मुंबई-कलकत्त्याला गेले, कारण व्यापार रेल्वेकडं आणि बंदरांकडं वळला. उंटांची वाट ओस पडत गेली. जैसलमेरचं तर १९४७ नंतर सिंधकडचं दारच बंद झालं.

बिकानेर ते जैसलमेर साधारण ३३० किलोमीटर. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना खेजडीची झाडं, मधेच रस्त्यावर सरकलेली वाळू. ढाबे लांब लांब. फलोदीला थांबलो. १९ मे २०१६ ला इथं ५१ अंश तापमान नोंदवलं गेलं होतं, देशातली त्या वेळची सर्वांत मोठी नोंद. आम्ही गेलो दिवाळीनंतर, तरी दुपारी गाडीचं स्टिअरिंग हातात धरवत नव्हतं. जवळच्या खीचनला कुरजा पक्षी बघायला सगळे गेले, मी मागं राहून डिकी उघडली. फ्रिजच्या पडद्यावर ४ अंश. पण भिंतीला टेकवून ठेवलेल्या वेगळ्या थर्मामीटरवर १. मधल्या जाळीत ५. फ्रिजचा सेन्सर एका जागेचं सांगतो, सगळ्या डब्याचं नाही. तेव्हापासून इन्सुलिन प्लॅस्टिकच्या डब्यात, सुती कापडात गुंडाळून, मधोमध. भिंतीकडं पाण्याच्या बाटल्या. सेटिंग ५ च्या खाली कधी नाही. हा शंभर रुपयांचा थर्मामीटर त्या वीस हजारांच्या वस्तूइतकाच गरजेचा आहे.

जैसलमेरला किल्ल्याच्या पायथ्याशी एका घरी उतरलो. रात्री गाडी अंगणात, फ्रिज चालूच. यात बॅटरी वाचवायच्या तीन पातळ्या आहेत; गाडीच्याच बॅटरीवर चालवणार असाल तर सर्वांत वरची ठेवा, म्हणजे गाडी सुरू होण्याइतका करंट शिल्लक असतानाच तो थांबतो. वाळवंटात रात्री थंडी पडते, त्यामुळे कॉम्प्रेसर क्वचितच लागत होता. सकाळी गाडी पहिल्या किल्लीला सुरू, आत ६ अंश. आप्पांनी इंजेक्शन घेतलं, चहा घेतला आणि ११५६ साली वसलेल्या त्या किल्ल्यात चालत वर गेले. आजही आत माणसं राहतात, दारात कपडे वाळत असतात. सत्तरी ओलांडलेला माणूस इतका खुश मी फार कमी वेळा बघितलाय.

आता परत आल्यानंतरचं. फ्रिज घरात पडून नाही. पंढरपूर, अक्कलकोट, विजापूर, आप्पा जिथं जातील तिथं जातो. वळवाच्या पावसात आमच्याकडं वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. घरचा फ्रिज गरम व्हायला लागला तेव्हा सगळ्या बाटल्या यात टाकून तो गाडीच्या लाइनवर लावला. एवढ्या एका रात्रीसाठीही तो मला परवडला.

तक्रारी आहेत. वाळवंटातली पिठासारखी धूळ पंख्याच्या जाळीत जाऊन बसली आणि परत आल्यावर कॉम्प्रेसर जास्त वेळ चालू राहायला लागला. मऊ ब्रशनं जाळी साफ केल्यावर ठीक झाला. आता महिन्यातून एकदा करते. झाकणाची एक बिजागरी मार्चमध्ये तुटली. कंपनीनं फोनवर गोड बोलून सुटा भाग पाठवायला कितीतरी आठवडे लावले, तोवर पट्टा बांधून चालवलं. उन्हात पडद्यावरचे आकडे दिसत नाहीत, हाताची सावली करावी लागते. आणि ४२ अंशांच्या दुपारी गाडी उन्हात उभी असेल तर तो जवळजवळ सतत चालतो, त्यामुळे सावली शोधणं किंवा वर जुनी सोलापुरी चादर टाकणं भाग आहे. मात्र चादर झाकणावरच, पंख्याच्या जाळीसमोर नाही, नाहीतर गरम हवा बाहेर पडायला वाटच राहत नाही.

दुकानात घेताना तिथंच लावून अर्धा तास चालवून बघा. झाकण लावून रबरात कागद अडकवा आणि ओढा. कागद सहज निघाला तर रबर नीट बसत नाही, दुसरा नग मागा. सुटे भाग आणि बिजागरी मिळते का, कुठं मिळते, हे पैसे देण्याआधी बिलावर लिहून घ्या.