सी प्रोग्रामची कॉन्फिग फाइल: स्वतःचा पार्सर, आयनिएच, लिबकॉन्फिग की सीजेसन?

प्रोग्रामच्या सेटिंग ठेवणाऱ्या कॉन्फिग फाइलसाठी इथे चार पर्याय बघू: ओळी उलगडणारा स्वतःचा कोड म्हणजे पार्सर, किंवा आयनिएच (inih), लिबकॉन्फिग (libconfig) आणि सीजेसन (cJSON) या तयार लायब्ररी. निवडण्याआधी एक गोष्ट ठरवा: फाइल लिहिणार कोण? माणूस एडिटरमध्ये बदल करणार आणि प्रोग्राम नुसता वाचणार, की प्रोग्रामलाही ती परत लिहायची आहे? वाचायचं काम चौघांनाही जमतं, खरा फरक पडतो तो लिहिताना.

दहा-वीस की (सेटिंगची नावं) असतील आणि सेक्शन (त्यांचे नाव दिलेले गट) नसतील, तर स्वतःचा पार्सर पुरतो. एफगेट्स (fgets) फंक्शनने ओळ घ्यायची, दोन्ही टोकांची मोकळी जागा छाटायची, रिकाम्या आणि हॅशने सुरू होणाऱ्या ओळी सोडायच्या, आणि पहिल्या बरोबर-चिन्हापाशी ओळ तोडायची. पहिल्याच, कारण पासवर्डमध्ये किंवा यूआरएलमध्ये तेच चिन्ह पुन्हा येऊ शकतं. ठरलेल्या साच्याने वाचणाऱ्या एसस्कॅनएफच्या (sscanf) नादी लागू नका. रुंदी न देता पर्सेंट-एस (%s) वापरलं तर बफरबाहेर लिहिलं जाऊ शकतं, आणि रुंदी दिली तरी व्हॅल्यू पहिल्या स्पेसला संपते.

घरच्या पार्सरचा सगळ्यात चिवट बग म्हणजे कॅरिज रिटर्न, विंडोजच्या फाइलीत ओळीच्या शेवटी न्यूलाइनआधी असणारं न दिसणारं चिन्ह. विंडोजवर सेव्ह केलेली फाइल लिनक्सवर वाचली, की तो व्हॅल्यूच्या शेपटाला चिकटून राहतो. मग लॉग फाइल उघडत नाही, आणि एरर मेसेजमधलं नाव मात्र डोळ्यांना बरोबर दिसतं. म्हणून छाटताना नुसती न्यूलाइन काढून भागत नाही. आकड्यांचंही तसंच. पोर्ट ८०८० लिहिताना पहिल्या शून्याच्या जागी चुकून इंग्रजी ओ पडला, तर स्ट्रिंगचा आकडा करणारं एटूआय (atoi) मुकाट ८ देतं. त्याऐवजी स्ट्रटॉल (strtol) वापरा, आधी एररनो (चुकीचा कोड ठेवणारं errno) शून्य करा, आणि एंड-पॉइंटर (वाचणं जिथे थांबलं ती जागा) खरंच स्ट्रिंगच्या शेवटाला पोहोचला का ते बघा. दशांश वाचत असाल तर लोकेलकडेही (देश-भाषेनुसार आकडे लिहिण्याच्या सेटिंगकडे) लक्ष हवं: दशांशासाठी स्वल्पविराम वापरणारं लोकेल सेट असेल, तर दशांश वाचणारं स्ट्रटॉड (strtod) ०.५ वाचताना टिंबापाशीच थांबतं आणि हाती शून्य येतं.

सेक्शन हवे असतील तर आयनिएच घ्या. एक सोर्स फाइल, एक हेडर, बीएसडी लायसन्स. प्रोजेक्टमध्ये टाकलं की झालं. प्रत्येक की सापडली की ते तुमचा हँडलर (तुम्ही लिहून दिलेलं फंक्शन) बोलावतं आणि सेक्शन, नाव, व्हॅल्यू हातात देतं. ते पॉइंटर हँडलरपुरतेच खरे असतात, म्हणून स्ट्रिंग ठेवायची असेल तर कॉपी करा. इथे दोन ठिकाणी हमखास ठेच लागते. हँडलरने यशासाठी शून्य सोडून काहीतरी परत करायचं असतं, तर पार्स करणारं मुख्य फंक्शन यशासाठी शून्य देतं. शिवाय ओळीची मूळ मर्यादा २०० बाइटांची आहे. लांब पाथ असेल तर ओळ धड पोहोचत नाही, आणि फंक्शन चुकलेल्या ओळीचा क्रमांक परत करतं. तो धन असतो. फाइल उघडली नाही तर मात्र उणे एक येतो. त्यामुळे फक्त 'शून्यापेक्षा कमी' एवढंच तपासणाऱ्या कोडला ही चूक दिसतच नाही. मर्यादा कंपाइल करताना वाढवता येते. लिहिण्याची सोय यात नाही.

लिबकॉन्फिग वाचतं आणि लिहितंही. नेस्टेड ग्रुप, लिस्ट, दुसरी फाइल आत ओढणं, चुकीची ओळ दाखवणं, सगळं आहे. लुकअप (नावाने व्हॅल्यू शोधणं) फसला तर ते व्हेरिएबलला हात लावत नाही, म्हणून डिफॉल्ट आधीच भरून ठेवता येतो. पण टाइपच्या बाबतीत ते कडक आहे: फाइलमध्ये १० असेल आणि तुम्ही फ्लोट (दशांश आकडा) मागितला, तर ऑटो-कन्व्हर्ट चालू केल्याशिवाय व्हॅल्यू मिळत नाही. परत लिहिताना माणसाच्या कमेंट मात्र उडतात. लायसन्स एलजीपीएल आहे, तेव्हा स्टॅटिक लिंक करण्याआधी अटी वाचा.

सीजेसन एमआयटी लायसन्सचं, दोन फाइलींचं. प्रोग्रामने लिहायच्या डेटासाठी उत्तम, माणसाने हाताने बदलायच्या फाइलसाठी त्रासदायक: ते वापरतं त्या जेसन फॉरमॅटमध्ये कमेंट नाहीत आणि शेवटचा जास्तीचा स्वल्पविरामही चालत नाही. आकडे डबल या दशांश टाइपमध्ये ठेवले जात असल्याने ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढचे पूर्णांक अचूक राहतीलच असं नाही. मोठे आयडी स्ट्रिंग म्हणून ठेवा. यामल (YAML) हा आणखी एक फॉरमॅट कॉन्फिगपुरता सीमध्ये आणू नये. त्याची लायब्ररी लिबयामल इव्हेंट (एकेक तुकडा सापडल्याची सूचना) देते, पुढची जुळणी तुम्हालाच करावी लागते.

आता लिहिणं. यातलं काहीही निवडलं तरी मूळ फाइल एफओपनने (fopen) डब्ल्यू म्हणजे लिहिण्याच्या मोडमध्ये उघडू नका. उघडताक्षणी ती रिकामी होते, आणि पुढच्या क्षणी वीज गेली तर शून्य बाइटांची कॉन्फिग उरते. त्याच डिरेक्टरीत टेम्पररी फाइल लिहा, एफफ्लशने (fflush) बफर रिकामा करा, मग एफसिंकने (fsync) डेटा डिस्कवर पोहोचवा, मग बंद करा, आणि शेवटी रीनेम. डिरेक्टरी तीच हवी, कारण दुसऱ्या फाइलसिस्टीमवरून रीनेम होत नाही. टेम्पररी फाइल बनवणाऱ्या एमकेएसटेम्पने (mkstemp) केलेल्या फाइलला ०६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशा) परवानग्या मिळतात, त्यामुळे मूळ परवानग्या रीनेमआधी लावून घ्या. विंडोजवर फाइल आधीच असेल तर साधं रीनेम फसतं. तिथे मूव्हफाइलएक्स (MoveFileEx) फंक्शनला 'असलेली बदल' हा फ्लॅग द्यावा लागतो.

माणूस आणि प्रोग्राम दोघेही लिहिणार असतील तर आमचा कल दोन फाइलींकडे आहे: माणसाची आयनिएचने नुसती वाचायची, आणि विंडोचा आकार, शेवटचा उघडलेला डॉक्युमेंट असल्या गोष्टी सीजेसनने वेगळ्या फाइलमध्ये ठेवायच्या. दुसरी फाइल बिघडली तर पुसून डिफॉल्टवर सुरू करता येतं, आणि पहिलीतल्या कमेंटना कोणी हात लावत नाही.