सेव्हन वुड की चार नंबरचं हायब्रिड?

चार नंबरचं आयर्न (पातळ पात्याचा क्लब) बॅगेतून काढायचं, इथपर्यंत आपल्यासारख्या विकेंड गोल्फरचं एकमत असतं. घोडं अडतं ते पुढे. १४ क्लबची मर्यादा, जागा एकच आणि उमेदवार दोन: मोठ्या डोक्याचं सेव्हन वुड आणि वुड-आयर्नच्या मधलं चार नंबरचं हायब्रिड. तेही साधारण २१ अंशांच्याच लॉफ्टचे, म्हणजे फेसच्या (बॉलला लागणाऱ्या तोंडाच्या) तिरकेपणाचे. मी दोन्ही आलटून पालटून वापरली आहेत, तेही बहुतेक पुण्याच्या आसपासच, त्यामुळे माझं मत तेवढ्याच भरवशाचं धरा.

सेव्हन वुडला सध्या चांगले दिवस आलेत. २०२० मध्ये डस्टिन जॉन्सन मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकला तेव्हा त्याच्या बॅगेत सेव्हन वुड होतं, त्यामुळे 'हा म्हाताऱ्यांचा क्लब' ही कुजबुजही थांबली. बॉल खरोखर सुरेख उडतो. उंच जातो, ग्रीनवर पडला की फार पळत नाही. बंकरपलीकडे लांबचा शॉट टाकायचा असेल तर मीही आजसुद्धा आधी त्याचाच विचार करेन. पावसाळ्यात फेअरवे मऊ असतात तेव्हा तर त्याला तोड नाही.

माझं बिनसलं ते उन्हाळ्यात. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडची जमीन टणक होते आणि गवत नावापुरतं उरतं. अशा लायवर (बॉल पडलेल्या जागी) वुडचा रुंद सोल, म्हणजे डोक्याचा तळ, जरा जरी आधी टेकला तरी क्लब उसळतो आणि पुढची कड थेट बॉलच्या पोटात बसते. हाताला झिणझिण्या येतात, बॉल गुडघाभर उंचीनं सरपटत जातो आणि कॅडी सभ्यपणे दुसरीकडे बघतो. दर वेळी नाही होत असं, पण होणार अशी धास्ती बसली की स्विंगच आखडतो. माझ्या सोलवरचे ओरखडे मागच्या बाजूला जास्त होते. म्हणजे बॉलच्या आधी जमीनच लागत होती. झाडूसारखा सपाट स्विंग असलेल्यांना हा त्रास कदाचित होणारही नाही. मी आयर्नसारखाच वरून खाली येतो.

हायब्रिडला तेच हवं असतं. डोकं लहान, सोल अरुंद, शाफ्ट वुडपेक्षा दोनेक इंच आखूड. बॉल पुढच्या पायाकडे किंचित सरकवायचा आणि आयर्नसारखा मारायचा. झाडाखालून बुटका शॉट काढायचा असला तरी ग्रिप खाली धरून काम भागतं. शिवाय २००९च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये हेझल्टिनच्या अठराव्या होलवर वाय. ई. यांगनं टायगर वूड्सला गारद करणारा दोनेकशे यार्डांचा शॉट मारला तो हायब्रिडनंच. आपल्या हातून तसा शॉट होणार नाही, ते सोडा.

दोष आहेच. कित्येक हायब्रिडचा फेस मुळातच किंचित डावीकडे बघतो. बॉल उजवीकडे वळणाऱ्या स्लाइसवाल्यांना ते वरदान, पण ज्यांचा बॉल आधीच डावीकडे वळतो त्यांनी खाली ठेवून फेस नीट बघावा. शाफ्ट फार लवचीक असेल तर हुक, म्हणजे डावीकडचं वळण, आणखी वाढतो, असा माझा तरी अनुभव आहे.

क्लबवरच्या आकड्यावर मात्र जाऊ नका. एका कंपनीचं 'चार' २१ अंशांचं, दुसरीचं २३चं. हल्लीच्या सोप्या सेटमध्ये पाच नंबरचं आयर्नच कधी कधी २३ अंशांचं असतं. त्याच्या शेजारी २३चं हायब्रिड म्हणजे बरेचदा एकाच अंतराचे दोन क्लब वागवणं. आधी आपल्या पाच नंबरचा लॉफ्ट बघा आणि त्याहून तीनेक अंश कमी असलेलं घ्या.

माझ्या बॅगेत हायब्रिड राहिलं. तुमचा बॉल उंच उडत नसेल आणि खेळ हिरव्यागार, पाणी दिलेल्या कोर्सवर असेल तर सेव्हन वुड घेतल्याबद्दल कुणी नावं ठेवणार नाही. फक्त निवड सरावाच्या रेंजच्या मॅटवर करू नका. मॅटवर क्लब आधी टेकला तरी घसरत पुढे जातो आणि वुड फारच गुणी वाटतं. दोन्ही मातीवरच्या विरळ गवतावर मारून बघा, शक्यतो मे महिन्यात.