शिध्याची पिशवी की रेशनचं टेबल?

गोव्यात जुवारीनगर, बायणा, वेर्णा नाहीतर कुंकळ्ळीच्या आसपास भाड्याच्या हॉलमध्ये उपासनेसाठी भरणारी पन्नास-साठ जणांची लुथरन (प्रोटेस्टंट ख्रिस्ती) मंडळी. भुकेसाठी आपण काहीतरी करू या, असं ठरलं की पहिलं नाव शिध्याच्या पिशवीचं निघतं. दुसरा मार्ग सहसा कुणाला सुचत नाही: उपासनेनंतर तासभर टेबल मांडून बसायचं आणि परराज्यातून आलेल्या कामगाराला त्याच्या गावच्या रेशनकार्डावर गोव्यातल्या दुकानातून धान्य मिळवून द्यायचं. दोन्ही करून पाहिल्यावर आमचा कल टेबलाकडे गेला. पिशवी वाईट आहे असं मुळीच नाही, पण तिची एक खोड फार छळते.

खोड अशी की पावसाळ्यात तांदूळ टिकत नाही. तीस कुटुंबांना दहा-दहा किलो म्हटलं तरी 300 किलो होतात, म्हणजे 25 किलोची बारा पोती. ती ठेवायची कुठे? हॉलच्या कोपऱ्यात, फरशीवर, ओल धरलेल्या भिंतीला टेकून. 28–30 अंशांच्या दमट हवेत सोंडकिड्याची एक पिढी चार-पाच आठवड्यांत तयार होते. अंडी दाण्याच्या आत असतात, त्यामुळे पोतं आणलं त्या दिवशी काहीच दिसत नाही. मेअखेरीस स्वस्त मिळाला म्हणून दोन महिन्यांचा साठा भरला, तर जुलैत सोंडकिडे चाळून, ऊन नसताना वाळवून मग वाटप करावं लागतं. आणि गरज नेमकी तेव्हाच वाढलेली असते: बांधकामं थंडावतात, रोजंदारी तुटते, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ज्या महिन्यांत पिशवी हवी त्याच महिन्यांत ती राखणं सगळ्यात अवघड.

तरीही पिशवीच करायची असेल तर पोती फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा. दहा दिवसांत वाटून संपेल एवढंच आणा. वाण्याकडे पैसे भरून माल त्याच्याच गोदामात राहू द्यावा आणि वाटपाच्या आदल्या दिवशी उचलावा, हे सगळ्यात बरं. सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा उकड्याला कीड जरा कमी लागते, आणि 'उसना' म्हणजे उकड्याचाच भात खाणाऱ्या झारखंडी घरांना उकडा परकाही वाटत नाही. एक मात्र कळकळीनं सांगतो: कीड मारायला सल्फासच्या गोळ्या हॉलमध्ये कधीही ठेवू नका. त्यातून निघणारा वायू माणसाचा जीव घेतो, आणि त्याच हॉलमध्ये रविवारी मुलं बसणार असतात.

शिजवून वाढण्याचा तिसरा पर्याय थोडक्यात सांगतो. साठ मोठ्या माणसांना 9 किलो तांदूळ, अडीच किलो डाळ आणि पाच-सहा किलो भाजी पुरते. गोव्यात हात आपोआप नारळाकडे जातो, पण सकाळी आठला केलेलं नारळाच्या वाटणाचं तोणाक (रस्साभाजी) दुपारी एकपर्यंत आंबतं. साधं फोडणीचं वरण करावं, भात गरम वाढावा, उरलेला भात दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. धार्मिक कार्यक्रमात नियमित अन्न वाटणाऱ्यालाही अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, हे लक्षात असू द्या. आठवड्यात एक जेवण होतं, माणसं जवळ येतात, त्याचं मोल आहेच. महिन्याची भूक मात्र त्यानं भागत नाही.

आता टेबल. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा 2013 चा. त्याखालच्या प्राधान्य कार्डावर माणशी महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला 35 किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. हे धान्य कोणत्याही राज्यात उचलता यावं या सोयीत गोवा आणि झारखंड दोन्ही 1 जानेवारी 2020 पासून आहेत. मग हिशेब असा होतो: चार माणसांची तीस कुटुंबं, माणशी 5 किलो, म्हणजे महिन्याला 600 किलो. आपल्या पिशव्यांच्या दुप्पट, अर्पणातला एक रुपया खर्च न होता, आणि पोती राखायचं काम रेशन दुकानदाराचं.

लुथरन मंडळीला हे काम विशेष जमण्यासारखं आहे. रांचीत गोस्नर मिशनरी 1845 साली आले, तिथलीच लुथरन मंडळी आज छोटानागपूरभर आहे. ओडिशाच्या कोरापुट भागात तिथल्या जयपूरची (राजस्थानच्या नव्हे) लुथरन मंडळी आहे, आंध्रातही मोठी आहे. यांतली कुटुंबं तुमच्यात असतील तर सादरी, ओडिया, तेलुगू बोलणारं माणूस टेबलावर बसवा. निम्मं काम गावच्या रेशन दुकानदाराला फोन करण्याचंच असतं, आणि तो फोन हिंदीपेक्षा घरच्या बोलीत लवकर फळतो.

टेबलावर दोन माणसं, इंटरनेटचा एक फोन आणि एक वही पुरे. 'मेरा राशन' ॲपवर कार्डावरची नावं तपासायची, कुणाचं आधार जोडलेलं आहे ते पाहायचं. गोव्यासाठी नवं कार्ड काढावं लागत नाही; कार्डावरचा कोणीही एक सदस्य कार्डाचा किंवा आधारचा नंबर घेऊन दुकानात गेला आणि अंगठा जुळला की धान्य मिळतं. अडतं ते पुढच्या ठिकाणी.

पहिली अडचण कार्डाच्या प्रकाराची. झारखंडचं गुलाबी आणि पिवळं कार्ड चालतं. हिरवं कार्ड राज्याच्या स्वतःच्या योजनेचं आहे, ते बाहेर चालत नाही. हे आधीच पाहिलं नाही तर माणसाची अर्ध्या दिवसाची रोजी बुडते. दुसरी, गावाकडच्यांनी त्या महिन्याचं सगळं धान्य आधीच उचललेलं असतं. वाटणी करता येते, कोटा थोडा इथे आणि थोडा तिथे उचलता येतो, पण ते महिना सुरू होण्याआधी घरी बोलून ठरवावं लागतं. तिसरी अडचण अंगठ्याची. गवंड्याच्या हाताची रेघ सिमेंटनं झिजते. हात धुऊन, कोरडे करून दुसरी बोटं लावून पाहायची. त्यानंही जमलं नाही तर डोळ्याच्या बाहुलीवरून ओळख किंवा आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करणं. बायकोचं नाव त्याच कार्डावर असेल आणि ती इथेच असेल तर तिला पाठवणं सगळ्यात सोपं. ई-केवायसी न झालेलं नाव अडतंच, म्हणून तेही त्याच रविवारी पाहून घ्यावं. दुकानदारानं 'बाहेरच्यांसाठी माल नाही' म्हणून परत पाठवलं तर वाद घालू नये, 14445 वर तक्रार करावी आणि तारीख वहीत लिहावी. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात गेलं तर ही वेळ कमी येते.

वहीत कार्डाचे शेवटचे चार आकडे, राज्य, माणसं किती, कधी उचललं, कुठे अडलं, एवढंच लिहायचं. आधारच्या झेरॉक्स गोळा करू नका, आपल्याकडे त्या सांभाळायची सोय नसते. टेबलावर लोक गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेबद्दलही (दरमहा मदतीच्या) विचारतात. तिला गोव्यात पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं, तेव्हा उगाच आशा लावू नये. बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी मात्र जरूर सुचवावी: वय 18 ते 60 आणि गेल्या वर्षभरात 90 दिवस काम. तिथे अडतं ते कंत्राटदाराच्या दाखल्यापाशी, आणि तो मागायला कामगारासोबत पाळक किंवा मंडळीचे वडीलधारे पदाधिकारी गेले तर फरक पडतो.

पिशवीच्या बाजूनंही सांगायला हवं. काल रेल्वेतून उतरलेला, कार्ड नसलेला, आजारी पडलेला, मालकानं पगार अडवलेला माणूस टेबलावर ताटकळू शकत नाही. त्याला आज संध्याकाळी भात हवा. ज्याच्या नावानं ही मंडळी ओळखली जाते त्या मार्टिन ल्यूथरनं प्रस्तावना लिहिलेल्या, जर्मनीतल्या लाइस्निग गावच्या 1523 च्या सामाईक पेटीच्या (गावाच्या मदतनिधीच्या) नियमांत टंचाईसाठी धान्य साठवायची तरतूद होती. ते सॅक्सनीत ठीक होतं, इथल्या आषाढात जड जातं. त्या नियमांतली दुसरी गोष्ट मला जास्त उपयोगाची वाटते: पेटीला चार कुलुपं, किल्ल्या चार वर्गांकडे, कारभारी दहा. अर्पणाचा पैसा एकट्याच्या हाती राहू नये एवढं तरी आपण घ्यावं. परदेशी लुथरन संस्थांच्या पैशावर बेत आखू नका. विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी नसेल तर तो घेता येत नाही.

'सरकारचं काम मंडळीनं कशाला करायचं?' असं कुणी ना कुणी विचारतंच. 1529 च्या लघु प्रश्नोत्तरीत (श्रद्धेची शिकवण देणाऱ्या छोट्या पुस्तकात) ल्यूथर प्रभूच्या प्रार्थनेतल्या रोजच्या भाकरीचा अर्थ सांगताना अन्न-वस्त्राच्या यादीतच चांगलं सरकारही धरतो. रेशन दुकानाच्या रांगेत सोबत उभं राहणं ही त्याच प्रार्थनेची पुढची पायरी आहे, असं आम्हाला मनापासून वाटतं.

रेशनवर डाळ-तेल मिळत नाही, ही टेबलाची खरी उणीव. म्हणून पिशवी पूर्ण बंद न करता ती हलकी करावी: तूरडाळ 1 किलो, तेल 1 लिटर, मीठ 1 किलो, सगळं बंद पाकिटात. तीस पिशव्या एका कपाटात मावतात आणि पावसात कीड लागत नाही. कार्ड नसलेल्यांसाठी पाच-सहा पिशव्यांत 5 किलो तांदूळ घालावा, तोही त्याच आठवड्यात आणलेला. सुरुवात मेमध्ये करा. आधार जोडणं आणि गावाकडच्या फोनांत पहिला महिना सहज जातो, आणि जूनची पहिली उचल चुकली तर पुढचं सगळं गणेशचतुर्थीपर्यंत लांबतं.