मोफत शिसं-तपासणीच्या नावाखाली झालेली फसवणूक

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी गळ्यात ओळखपत्रं घातलेले दोघे आले. 'खेळण्यांतलं आणि भांड्यांतलं शिसं मोफत तपासून देतो' म्हणत त्यांनी खाली टेबल मांडलं. पत्रकावर एनएबीएलचं (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेचं) चिन्ह, त्यामुळे वॉचमनपासून सेक्रेटरींपर्यंत कुणीच अडवलं नाही.

माझ्या मुलीची पिवळी गाडी त्यातल्या एकाने ओल्या फडक्याने पुसली आणि तिच्यावर कापसाची काडी घासली. काडी लगेच गुलाबी. "ताई, बाळ हे तोंडात घालतं ना?" एवढंच तो म्हणाला. मग सासूबाईंचा पितळी डबा, मेलामाइनच्या ताटल्या, सगळंच गुलाबी व्हायला लागलं. अख्ख्या घराच्या तपासणीचे साडेचार हजार, रक्तातलं शिसं 'काढून टाकणाऱ्या' थेंबांचे वेगळे. आमच्या विंगमधल्या बऱ्याच घरांनी यूपीआयने पैसे भरले.

बिंग फोडलं शेजारच्या वहिनींच्या दहावीतल्या मुलीने. टेबलापाशी पडलेली एक कोरी काडी तिने धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवली, तर तीही तशीच गुलाबी! "काकू, हे फिनॉल्फ्थॅलीन असणार, आमच्या लॅबमध्ये असतं," ती म्हणाली. ते सोड्यासारख्या अल्कलीत गुलाबी होतं, शिशाशी त्याचा काही संबंध नाही. फडकंच सोड्याच्या पाण्यातलं असणार, कारण गाडी नळाखाली स्वच्छ धुऊन तशीच दुसरी काडी घासली तेव्हा रंग आलाच नाही.

म्हणजे गाडीत शिसं नाही, असं मात्र नव्हे. पैसे जाऊनही ते आम्हाला कळलेलं नाही आणि मला संताप याचाच येतो. पिवळ्या-केशरी रंगांत लेड क्रोमेट वापरलं जातं, पितळेतही शिसं असू शकतं, आणि मुलांसाठी शिशाचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही. आईबापाच्या खऱ्या काळजीवर हे लोक पोट भरतात.

खऱ्या तपासणीत आकडा मिळतो. प्रयोगशाळेत क्ष-किरणांवर चालणाऱ्या एक्सआरएफ यंत्राने वस्तू न फोडता काही सेकंदांत शिसं मोजता येतं. घरगुती रंगांसाठी आपल्याकडे शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आहे. खऱ्या कंपनीच्या काड्याही फक्त पृष्ठभागावरचं सांगतात आणि चुकतात. एनएबीएलचा प्रमाणपत्र क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर शोधा. आमच्या पत्रकावरचा तिथे सापडलाच नाही. खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, त्याखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. मुलाबद्दल शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगून रक्तातलं शिसं तपासून घ्या. शिसं उतरवणारी औषधं डॉक्टर तो रिपोर्ट बघूनच देतात, असे थेंब मुलांना पाजू नका.

आम्ही सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन 1930 वर आणि ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार केली आहे. भांडुप, ठाण्याकडे कुणाकडे असे लोक येऊन गेले असतील तर पावती, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि काडी जपून ठेवा, आणि तुम्हीही तक्रार नोंदवा.