लेकाने पाठ केलेली जाहिरात

मी नाशिकला सिडकोत राहते, घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. २०२३ च्या पितृपक्षातली गोष्ट. त्या पंधरवड्यात नवं कापड कुणी शिवायला टाकत नाही आणि तो संपला की लगेच नवरात्रातल्या नऊ रंगांची घाई. नेमकी तेव्हाच पिकोच्या मशीनची मोटर जळाली. खर्च साडेतीन हजार, आणि यांचा पगार व्हायला अजून आठ दिवस.

जेवताना आम्ही दोघं तेच बोलत होतो. पाचवीतला मुलगा मध्येच म्हणाला, "आई, फोनवर मिळतात की पैसे! फक्त आधार कार्ड, दोन मिनिटांत खात्यात, नव्वद दिवसांनी फेडा." एका दमात, पाढा म्हणावा तसं.

त्याला ते पाठ कसं, हे नंतर कळलं. माझ्याच फोनवर तो गाड्यांचा गेम खेळतो. गाडीला नवं चाक हवं तर नाणी लागतात, आणि तीस सेकंदांची जाहिरात शेवटपर्यंत पाहिली की पन्नास नाणी मिळतात. जाहिरात आली की आपण ती घालवायची फुली शोधतो. पोरगं मात्र मजुरी मिळते म्हणून दिवसातून आठ-दहा वेळा डोळे लावून बघतं.

परक्या माणसाने सांगितलं असतं तर मी चार प्रश्न विचारले असते. लेकाने सांगितलं म्हणून तेव्हा नुसती हसले, आणि रात्री कर्ज घेतलं.

ते अ‍ॅप प्ले स्टोअरवर नव्हतंच. जाहिरातीतलं बटण दाबलं की थेट फाइल उतरायची. फोनने सावध केलं, तर मुलानेच "असं करायचं असतं" म्हणत पुढचं दाबून दिलं. मग कॉन्टॅक्ट, फोटो, मेसेज, सगळ्याला परवानगी मागितली. मी देत गेले. आधार, पॅन आणि सेल्फीही दिला.

मंजूर झाले ६,०००. खात्यात आले ३,९००, तेही बँकेकडून नाही, कुणा माणसाच्या नावाच्या खात्यातून. २,१०० 'प्रोसेसिंग'चे म्हणून आधीच कापले. मुदत नव्वद दिवस नव्हती, सात होती. म्हणजे आठवड्याला शेकडा चोपन्न रुपये! महिन्याला शेकडा दहा लावणाऱ्या गावच्या सावकाराला आपण शिव्या घालतो.

पाचव्या दिवसापासून फोन सुरू झाले. माझ्याकडे तेवढे नव्हते, म्हणून २,१०० भरून 'मुदतवाढ' घेतली. मुद्दल एक रुपयाने कमी झालं नाही. पुढच्या आठवड्यात ६,००० भरले. दोन दिवसांनी न मागता खात्यात १,८०० आले, परत १,८००. प्रत्येकाचे ३,००० द्यायचे. घाबरून तेही दिले. एकूण मिळाले ७,५०० आणि गेले १४,१००. त्यानंतर त्यांनी आणखी ९,००० मागितले तेव्हा मी हात टेकले आणि यांना सगळं सांगितलं. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, पण मोटर दुरुस्तीवाल्याने उधारीवर करून दिली अशी थाप मारून बसले होते.

दुसऱ्या दिवशी माझ्या सेल्फीवर 'चोर' लिहून तो फोटो गिऱ्हाइकांना गेला. शिवणकाम करणाऱ्या बाईचा फोन म्हणजे तिचं दुकानच. साडेतीनशे नंबर होते त्यात. शाळेच्या व्हॅनवाल्या काकांना गेला, वर्गशिक्षिकेला गेला. मुलाला व्हॅनमध्येच कळलं. घरी येऊन दप्तर न काढता त्याने विचारलं, "मी सांगितलं म्हणून झालं ना?" याला काय उत्तर द्यायचं ते मला आजही नीट सुचलेलं नाही.

त्या संध्याकाळी शेजारच्या ताईंनी मला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत-क्रमांकावर फोन करायला लावला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार केली. पैसे परत आले नाहीत. पण पैसे देणं थांबवलं, अ‍ॅप काढलं, आणि "माझ्या नावाने घाण फोटो येतील, उघडू नका" हे स्टेटस मीच आधी टाकलं. याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. तीन आठवड्यांत फोन थंडावले.

रिझर्व्ह बँकेचे नियम तोवर होते, हे मागाहून समजलं. सप्टेंबर २०२२ पासून कर्ज थेट बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या खात्यातूनच यायला हवं, एकूण खर्चाचा कागद आधी दाखवायला हवा, आणि अ‍ॅपने कॉन्टॅक्टना हात लावायचा नाही. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर नाहीत. जुलै २०२५ पासून तर अधिकृत कर्ज-अ‍ॅपची यादीच रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. घ्यायचंच असेल तर आधी तिथे नाव शोधा.

"मुलांना फोन देताच कशाला?" हे मला बऱ्याच जणांनी ऐकवलं. पायाखाली मशीन चालू असताना पोराला गप्प कसं बसवायचं, तेही सांगा मग.

लंडनजवळ राहणारी माझी मावसबहीण म्हणाली, तिकडेही हे होतं. वोंगा नावाची कंपनी पुढचा पगार होईपर्यंतचं कर्ज द्यायची आणि जाहिरातीत गोड म्हाताऱ्या बाहुल्या नाचवायची. मुलांना भुलवतात अशी ओरड झाल्यावर २०१४ मध्ये बाहुल्या गेल्या. २०१५ पासून अशा कर्जावरचं व्याज आणि दंड मिळून मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही. आपल्याकडे याला दामदुप्पट म्हणत, आणि तो नियम इंग्रजांच्याही आधीचा आहे.

२०२३ मध्येच आपल्या संसदेने विदा, म्हणजे आपल्या खाजगी डिजिटल माहितीच्या, संरक्षणाचा कायदा केला. त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांवर नेम धरून जाहिराती करायला मनाई आहे. पण फोन माझा, खातं माझं, वय छत्तीस. जाहिरात पाठवणाऱ्या यंत्राला दिसते ती पैशांच्या अडचणीतली बाई. फोन हातात धरलेलं पोर त्याला दिसतच नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की फोन कुणाचा ते बघूच नका. गेम मुलांचा असेल तर त्यात कर्जाची जाहिरात नको, मग ती नोंदणी असलेल्या कंपनीची का असेना.

मुलगा अजून तोच गेम खेळतो. कर्जाची जाहिरात लागली की फोन गादीवर पालथा घालतो आणि तीस आकडे मोजतो. नाणी सोडत नाही.