व्हार्निशचे वाळलेले ओघळ आणि प्लॅस्टिकची ब्लेड

बोटीच्या लाकडी कठड्याला व्हार्निश मारताना मास्किंग टेपखालून झिरपलेला ओघळ फायबरग्लासवर वाळला, की हात आधी अ‍ॅसिटोनच्या डब्याकडे जातो. घोटाळा तिथेच होतो. व्हार्निश अर्धवट विरघळतं, फडक्याबरोबर पसरतं आणि वाटाण्याएवढ्या थेंबाचा तळहाताएवढा पिवळट डाग होतो. आधी ब्लेड, मग अ‍ॅसिटोन, हा क्रम उलटवू नका.

ब्लेड मात्र प्लॅस्टिकचीच, दोन्ही बाजूंना धार असलेली. ती जेलकोटपेक्षा (फायबरग्लासवरचा चकचकीत बाहेरचा थर) मऊ, पण व्हार्निशची कड उचलण्याइतकी ताठ असते. जेलकोटचा थर जेमतेम अर्धा मिलिमीटर; पोलादी पातीचा कोपरा एकदा रुतला, की ओरखडा कायमचा. ओघळ हेअर ड्रायरने हाताला सोसेल इतपत गरम करा (हीट गन नको), ब्लेड साधारण ३० अंशांत टेकवा आणि जोर न लावता पुढे ढकला. कड सुटली की मधाच्या रंगाची खपली अखंड निघते. ब्लेड घसरायला लागली म्हणजे धार गेली, बाजू बदला. धार फार लवकर जाते, ही पहिली तक्रार.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. ब्लेड कुठल्या प्लॅस्टिकची आहे, हे पाकिटावर बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं. पॉलिकार्बोनेटची असेल तर अ‍ॅसिटोन लागताच ती पांढरी पडते, तडकते. म्हणून ओल्या जागेवर ब्लेड चालवू नका.

खपली निघाल्यावर जी धूसर छटा उरते, ती अ‍ॅसिटोनचं काम. आधी आडोशाच्या जागी थेंब लावून पाहा. पृष्ठभाग चिकट झाला तर तो जेलकोट नाही, वर मारलेला रंग आहे, तिथेच थांबा. नाहीतर पांढरं फडकं ओलं करून १०-१५ सेकंद टेकवा, डागाच्या कडेकडून आत पुसा, दर वेळी फडक्याची कोरी घडी घ्या, शेवटी साबणाच्या पाण्याने धुवा. ॲक्रिलिकच्या खिडक्यांवर शिंतोडाही नको. नायट्राइलचे हातमोजे अ‍ॅसिटोनपुढे टिकत नाहीत, ब्यूटाइलचे घ्या. वाफ चटकन पेट घेते, तेव्हा काम उघड्यावर, ठिणगीपासून लांब.

व्हार्निश दोन भाग मिसळून लावायचं पॉलियुरेथेन असेल, तर पूर्ण सुकल्यावर अ‍ॅसिटोन त्याला दाद देत नाही. ब्लेडने जेवढं निघेल तेवढं काढा, उरलेलं १००० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी सोडत घासा, मग १५००, २०००, रबिंग कंपाउंड आणि वॅक्स. मिथिलीन क्लोराइडचा पेंट रिमूव्हर झटपट काम करतो खरा, पण जेलकोटही खातो.

खडबडीत डेकवर ही ब्लेड जवळपास कुचकामी आहे. खाचांतल्या व्हार्निशपर्यंत ती पोचतच नाही. तिथे फायबरग्लाससाठीच बनवलेला जेल स्ट्रिपर (रंग-व्हार्निश काढणारं दाट रसायन), नायलॉनचा ब्रश आणि भरपूर पाणी, एवढाच मार्ग.

सपाट जागेसाठी ब्लेडला पाचपैकी चार गुण.